जुना ब्लॉग, भरलेलं जीमेल आणि न सापडणाऱ्या घाऱ्या: आवरायला सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण समजून घ्या आणि मार्ग सांगा.

२००८च्या गणपतीत मी ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग सुरू केला. नुकतंच मराठी टाईप करता यायला लागलं होतं, त्यामुळे ऑफिसमधून आलं की कुकर लावायचा आणि आधी कॉम्प्युटर सुरू करायचा असं झालं होतं. आजीच्या हातचे पदार्थ, ब्रह्मगिरीच्या नि सप्तशृंगीच्या फेऱ्या, मुलगा झाला तेव्हाची जागरणं, वाचलेली पुस्तकं, जे सुचेल ते लिहिलं. एकूण ३८७ लेख झाले. शेवटचा २०१९चा, मग नोकरी बदलली, सासूबाईंचं आजारपण आलं आणि ते राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला की आजीच्या घाऱ्या तू लिहिल्या होत्यास ना, लिंक पाठव, लेकीला करून बघायच्यात. म्हटलं दोन मिनिटांत पाठवते. आणि आता तीन संध्याकाळी गेल्या तरी त्या सापडत नाहीयेत. सगळ्या ब्लॉगची फाईल उतरवून घेतली, नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली, "घाऱ्या" शोधलं तर शून्य. "भोपळा" शोधलं तर नऊ लेख, त्यात रायतं आहे, भरीत आहे, घाऱ्या नाहीत. मीच कधीतरी साफसफाई करताना उडवल्या की काय ह्या विचाराने झोप लागत नाहीये.

आजी २०१४ला गेली. ती मापून करणारी नव्हती, सगळं मुठीने आणि अंदाजाने. मी ओट्याला टेकून उभी होते आणि तिने पिठाची मूठ परातीत टाकायच्या आत तिचा हात धरायचा, मूठ वाटीत रिकामी करून घ्यायची, मोजायची, मग परातीत, असं करत करत ते प्रमाण काढलं होतं. ती वैतागली होती माझ्यावर. ते दुसऱ्या कोणाकडेच नाही, म्हणून एवढा जीव तुटतोय.

ह्या निमित्ताने बाकीचा पसाराही दिसला. शंभरेक लेखांत फोटोच्या जागी रिकामी चौकट आहे, कारण तेव्हा एका फुकट फोटो ठेवायच्या साईटवर टाकायचे नि तिथून लिंक द्यायचे, ती साईट तशी दाखवेनाशी झाली. लेबलं १४० आहेत आणि त्यात पाककृती, पाकृ, रेसिपी, खाणे, खादाडी अशी पाच पाच वेगळी. मेल आयडी तीन, मुख्य जीमेलचे १५ जीबी भरलेत, रोज लाल पट्टी येते. एका आयडीचा पासवर्ड आठवत नाही आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर कधीचाच बंद केलाय.

आणि अजून एक, जे मला जास्त टोचतंय. मुलगा आता नववीत आहे. त्याच्या वर्गातल्या कोणीतरी माझा जुना लेख शोधून काढला, ह्याच्या शी-शूच्या गमतीजमती, अंघोळीचा फोटो, शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो शाळेच्या पाटीसकट. तो म्हणतो सगळा ब्लॉग डिलीट कर. मला त्याचं म्हणणं कळतंय पण सगळा कसा डिलीट करू.

सुरुवात कुठून करू? दिवसाला अर्धा-पाऊण तास देऊ शकते, त्याहून जास्त नाही.

सुटसुटीत:

ताई, मी २०२२मध्ये माझा ब्लॉग पूर्ण काढला, मेलमधलं सगळं जुनं काढलं, फोनमध्ये आता फक्त ह्या वर्षाचे फोटो आहेत. खरंच हलकं वाटतं. आपण किती साठवतो आणि परत किती वेळा बघतो ह्याचा विचार करा. घाऱ्यांची रेसिपी नेटवर पन्नास मिळतील. मनावर घेऊन एकदा उडवा, दोन दिवस वाईट वाटेल मग नाही वाटणार.

काना_मात्रा:

गोदाकाठ ताई, काही उडवू नका, घाऱ्या बहुतेक तिथेच आहेत, तुमचा ऱ बदललाय.

हे जरा नीट सांगतो कारण आपल्या मराठीच्या जुन्या लिखाणात हे सगळीकडे आहे. दुसऱ्या, कैऱ्या, घाऱ्या ह्यातला जो आडवा अर्धा र आहे ना, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक म्हणजे टिंबवाला ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडअक्षर ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग य. पडद्यावर दोन्ही डोळ्याला अगदी सारखं दिसतं, पण फाईलच्या आत ती वेगळी अक्षरं आहेत. २००८च्या सुमारास आपण जी टाईप करायची साधनं वापरायचो त्यातली बरीच दुसऱ्या तऱ्हेने लिहायची, आजचा फोनचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेने लिहितो. काही ठिकाणचा शोध हुशार असतो, दोन्ही एकच धरतो, पण नोटपॅड प्लस प्लस अक्षराला अक्षर लावून बघतं, त्याला ती सापडणारच नाहीत.

आत्ता एवढंच करा, त्याच फाईलमध्ये नुसतं "घार" शोधा. काना आणि साधा र, पुढे काही नाही. जुन्या तऱ्हेचं असेल तर लगेच पकडेल, घारे डोळे नि घारापुरीपण येईल मध्येच, ते सोडून द्या.

असाच दुसरा घोळ ॲचा. ॲ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये २००८ला आलं, त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे. म्हणजे ॲसिडिटी, ॲल्युमिनियम वगैरे शोधायचं असेल तर दोन्हींनी शोधा नाहीतर तो तुकडा सोडून "सिडिटी" शोधा.

आता आवराआवरीबद्दल. तुम्ही फाईल उतरवलीत हे फार चांगलं केलंत, ते पहिलं काम. गूगल टेकआऊटमधून ब्लॉगर निवडलं की लेख आणि कॉमेंट मिळतात. थीमची वेगळी प्रत हवी असेल तर ती ब्लॉगरच्या थीमच्या पानावरून उतरवता येते. पण बाहेरच्या साईटवर ठेवलेले फोटो त्यात येत नाहीत, येतो तो त्यांचा फक्त पत्ता, हे लक्षात ठेवा, बॅकअप झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. ती फाईल तीन ठिकाणी हवी: लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्डडिस्कवर एक आणि एक घराबाहेर, म्हणजे बहिणीकडे पेनड्राईव्हवर दिलीत तरी चालेल. पुरात किंवा चोरीत लॅपटॉप नि हार्डडिस्क एकाच खोलीत असतात म्हणून दोन्ही जातात.

रिकाम्या चौकटींसाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तुमच्या ब्लॉगचा पत्ता टाकून बघा. १९९६पासून ते लोक जगभरची पानं साठवतायत. सगळे फोटो मिळतील असं नाही, पण काही मिळतात.

आणि एक कळकळीने सांगतो, लेखांचे जुने पत्ते सुंदर करायच्या नादी लागू नका. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा टाकतं, ते बघून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. पण कोणीतरी २०११मध्ये तुमची लिंक आपल्या लेखात दिलेली असते, पत्ता बदलला की तो दुवा मेला. नवीन लेखाला मात्र प्रकाशित करायच्या आधी पर्मालिंकमध्ये इंग्रजी अक्षरांत दोन शब्द हाताने लिहा. वर्डप्रेसवाल्यांना वेगळाच त्रास, तिथे देवनागरी पत्ता चालतो पण आत प्रत्येक अक्षर नऊ चिन्हांचं होतं आणि मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे काना-मात्रा धरून बाविसाव्या अक्षराला शीर्षक तुटतं.

सुटसुटीत, तुमचा अनुभव तुमच्यापुरता बरोबर असेल पण ह्यांच्या आजीने मुठीने घातलेलं पीठ नेटवरच्या पन्नास रेसिपींत नाहीये.

गोदाकाठ:

सापडल्या!!!

"घार" टाकलं आणि चौथ्या ठिकाणी आली. मे २००९चा लेख, नाव दिलंय "सुट्टीतलं तळण", लेबल "आठवणी". आणि अख्ख्या लेखात भोपळा हा शब्द एकदाही नाही, कारण आजी डांगर म्हणायची, तसंच मी लिहिलंय. डांगराच्या घाऱ्या. मी पंधरा वर्षं पुण्याच्या बाजूच्या लोकांत राहून भोपळा म्हणायला लागले आणि स्वतःच्याच आजीचा शब्द शोधायचं सुचलं नाही.

काना_मात्रा तुम्हाला किती धन्यवाद देऊ. बहिणीला लगेच फोन केला, रात्री साडेअकरा वाजले होते, ती घाबरून उठली.

बाकीचं अजून तसंच आहे, सांगत राहा.

जुनं_कपाट:

ताई, तुमचं डांगर वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवलं नाही. मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होतो. कॉम्प्युटरमधलं मला ह्या मंडळींइतकं कळत नाही पण न सापडणारी वस्तू हा आमचा रोजचा धंदा होता.

आमच्याकडे तालिकेत एक कार्ड असायचं, त्यावर पुस्तकाचं नावगाव काही नाही, फक्त "डांगर, पाहा: भोपळा". एवढंच. वाचक कुठला शब्द घेऊन दारात येईल ते आपल्या हातात नसतं. कोणी भुईमूग म्हणेल, कोणी शेंगा म्हणेल, त्याला परत पाठवायचं नाही, तर त्याच्या शब्दापासून आपल्या कपाटापर्यंत वाट करून द्यायची. तुमच्या १४० लेबलांची मला काळजी वाटत नाही. पाककृती हे एकच ठेवा आणि बाकीच्या चारांतले लेख त्यात आणा, हे सरळ काम आहे. पण प्रत्येक लेखाच्या खाली एक ओळ लिहा, ह्याला आणखी काय काय म्हणतात. डांगर, लाल भोपळा, तांबडा भोपळा, घारगे, घाऱ्या. ती ओळ तुमच्या नातवंडांना उपयोगी पडेल.

दुसरं, दाखल नोंदवही करा. वाचनालयात पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो, मग बाकीचे सोपस्कार. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला कधी देत नाहीत, पुस्तक हरवलं, कसर लागून निर्लेखित झालं तरीही ओळ राहते आणि शेरा पडतो. तुम्ही एक्सेलमध्ये करा नाहीतर दोनशे पानी वहीत करा. क्रमांक, तारीख, शीर्षक, फोटो आहेत का गेले, आणि शेरा. सगळ्यात जुन्या लेखापासून सुरू करा, रोज दहा. तुमच्या ३८७ला चाळीस दिवस लागतील. त्या चाळीस दिवसांत काहीही काढायचं नाही, सुधारायचं नाही, नुसतं नोंदवायचं. हे अवघड आहे कारण नोंदवता नोंदवता माणूस वाचत बसतो आणि शुद्धलेखन दुरुस्त करायला लागतो. माझ्याकडे नवीन आलेली मुलं पुस्तकं मोजताना हमखास खाली बसून वाचायची, मग साठा तपासणी दिवाळीपर्यंत चालायची. आधी मोजणी पुरी होऊ द्या, त्याशिवाय आपल्याकडे काय आहे ते कळत नाही आणि काढायचं काय तेही ठरवता येत नाही.

अर्धा_कटिंग:

मी इथे सगळ्यात लहान असेन बहुतेक, सेकंड इयरला आहे. मला त्या नववीतल्या मुलाबद्दल लिहायचंय.

माझ्या आईने फेसबुकवर माझं सगळं टाकलेलं. दात पडला, ताप आला, गॅदरिंगमध्ये स्टेजवर रडलो, सगळं. आठवीत असताना पोरांनी तो रडतानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरवला. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली अरे किती गोड दिसतोयस. तिला खरंच गोड वाटत होतं, तिची चूक नाही, पण मी दोन वर्षं तिच्याशी शाळेतलं काहीच बोललो नाही. मग बारावीनंतर एका रविवारी आम्ही दोघांनी एकत्र बसून सगळं बघितलं, ती एकेक दाखवायची, मी ठेव म्हणायचो नाहीतर काढ म्हणायचो. गंमत म्हणजे मी बरेचसे ठेव म्हणालो. आजोबांच्या खांद्यावर बसलेलो तो तर मीच डाऊनलोड करून घेतला.

तर काकू, तुम्ही परस्पर ठरवू नका आणि त्यालाही सगळं डिलीट कर म्हणायला लावू नका. शाळेची पाटी आणि अंघोळीचे फोटो मात्र आजच काढा, त्याला विचारायची पण गरज नाही. बाकीचे लेख ब्लॉगरमध्ये ड्राफ्टला टाकता येतात, बाहेर कोणाला दिसत नाहीत पण तुमच्याकडे राहतात.

काना_मात्रा:

अर्ध्या कटिंग, फार चांगलं लिहिलंस रे. भर घालतो, ड्राफ्टला टाकलं तरी गूगलच्या शोधात काही दिवस जुनं दिसू शकतं, आणि वेबॅक मशीनमध्ये ते पान साठलेलं असेल तर तिथेही. ब्लॉगचा मालक म्हणून त्यांना मेल करून ती पानं काढायची विनंती करता येते. ताईंना जुने फोटो तिथून घ्यायचे असतील तर आधी ते घ्या आणि मग विनंती करा, क्रम चुकवू नका.

फोंड्याचो:

माझा अनुभव थोडक्यात. मी आमच्या भागातले काले, दशावतारी नाटकं, देवळांतले उत्सव ह्यावर मराठीत लिहायचो, स्वतःचं डोमेन घेतलं होतं. वर्षाचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जायचे म्हणून मी कधी बघितलंच नाही. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला, असे आपोआप कापले जाणारे पैसे रीतसर मंजुरी नोंदवल्याशिवाय कापले जाईनात. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे, पण माझं नूतनीकरण त्यात राहिलं आणि आठवणीच्या सगळ्या मेल ज्या आयडीवर गेल्या तो मी उघडतच नव्हतो. चार महिन्यांनी एका नाटकमंडळाच्या पोराने फोन केला, दादा तुमच्या साईटवर जुगाराच्या जाहिराती दिसतात. नाव दुसऱ्याने घेतलं होतं. लेख माझ्याकडे होते, ते वाचले, पण दहा वर्षांत लोकांनी ठिकठिकाणी दिलेले दुवे आजही त्या जुगाराकडे जातात. एका म्हाताऱ्या दशावतारी कलाकाराच्या मुलाखतीची लिंक त्यांच्या नातवाने आपल्या प्रोफाईलवर लावली होती, तिच्यावर क्लिक केलं की ते पान उघडायचं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

म्हणून ताई, तीन आयडींतलं काय काय कुठे जोडलंय ते आधी लिहून काढा. बँक, डोमेन असेल तर ते, ब्लॉग, विमा, वीजबिल. आणि सगळं एका चालू आयडीवर आणा. मेल साफ करायची घाई नंतर.

उंबरठा:

गोदाकाठ, तुम्ही बंद झालेल्या नंबरचा उल्लेख केलात म्हणून लिहितेय, तो विषय हलका घेऊ नका. बंद झालेला मोबाईल नंबर किमान ९० दिवस राखून ठेवतात, मग तो दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या खात्याचे ओटीपी आज कोणा अनोळखी माणसाला जात असतील.

आमच्या बाबांचं असंच झालं. ते शिक्षक होते, निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या गावाचा इतिहास लिहायला घेतला होता, रोज सकाळी पूजा झाली की दोन तास. ते गेल्यावर आम्ही सगळे सुतकात, मग कागदपत्रांत, त्यांच्या सिमचा रिचार्ज कोणाच्याच डोक्यात आला नाही. जेव्हा त्यांचं मेल उघडायला बसलो तेव्हा ओटीपी त्या नंबरवर, आणि तो नंबर लावला तर कोणी परकी बाई बोलली. ती बिचारी चांगली होती, पण तिच्याकडे ओटीपी तरी कसा मागायचा. शेवटपर्यंत ते मेल उघडलं नाही.

नशिबाने जुन्या कॉम्प्युटरवर फाईली होत्या. त्या उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं. बाबा कृतिदेवमध्ये लिहायचे. तो फॉन्ट नसला की "मराठी" ह्या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी अक्षरं दिसतात, कारण आत खरं तेच साठलेलं असतं, फॉन्ट फक्त वरून म आणि र चं चित्र दाखवतो. माझ्या भावाला वाटलं फाईल खराब झाली, तो काढून टाकणार होता. मग कन्व्हर्टरने युनिकोड केलं, पण त्यात ह्रस्व वेलांटी आणि रफार ठिकठिकाणी चुकतात, कारण कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर, रफाराचं उलट. २४० पानं मी ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केली, सव्वा वर्ष लागलं. पण एक सांगते, त्या सव्वा वर्षात रोज रात्री तासभर बाबा माझ्याशी बोलत होते असं मला वाटायचं.

तर दोन गोष्टी लगेच करा. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, आपण खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने उघडलं नाही तर कोणाला कळवायचं नि काय काय द्यायचं ते ठरवता येतं, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. बँकेत नॉमिनी लावतो तसंच समजा. आणि ज्या आयडीचा पासवर्ड आठवत नाही तो आठवा, नाहीतर रीतसर परत मिळवायचा प्रयत्न करा, कारण दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३पासून काढून टाकायला लागलंय. त्यात काय आहे हे बघायच्या आतच जाईल.

आणि कागदावर लिहून ठेवा हो. कुठला आयडी, कुठला नंबर, हार्डडिस्क कुठे आहे. आमच्या आईने आता तिच्या कपाटात, शालूच्या घडीत तसा कागद ठेवलाय आणि आम्हा दोघांना दाखवलाय.

सुटसुटीत:

उंबरठा, तुमचं वाचून गप्प झालो. माझ्या वडिलांचीही एक वही मी फोटो काढून ठेवली होती फोनमध्ये, ती आहे का बघतो. आणि गोदाकाठ ताई, सगळं उडवा म्हणालो ते मागे घेतो. लाल पट्टीसाठी मात्र माझा एक सल्ला घ्या, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जा, तिथे बऱ्याचदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं असं वेगळं काढून दाखवतं. गुड मॉर्निंग, हार्दिक शुभेच्छा, सगळं एका फटक्यात निवडता येतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्याच १५ जीबीत मोजला जातो, तिथूनच तुमचं भरलं असणार. आणि जीमेलच्या शोधाच्या खिडकीत इंग्रजीत लार्जर, कोलन, १०एम असं लिहा, सगळ्या जड मेल समोर येतात.

गोदाकाठ:

मंडळी, साडेतीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं.

नोंदवही केली, वहीच घेतली, एक्सेल नको वाटलं. आज २३१ पर्यंत आलेय. जुनं_कपाट काका, तुम्ही म्हणालात तसंच होतं, नोंदवता नोंदवता वाचत बसते, पण पेन फक्त शेऱ्याच्या रकान्यातच चालवलं, दुरुस्ती एकही केली नाही. "पाहा"ची यादी मागच्या पानांवर वेगळी चाललीय. डांगर-भोपळा, घोळाणा-कोशिंबीर, कोंड्याळं-परात असं बरंच निघालं, आजीचे चाळीसएक शब्द झाले असतील.

विसरलेला आयडी परत मिळाला. नवऱ्याचा नंबर कधीतरी रिकव्हरीला दिला होता तो चालू होता म्हणून. त्यात २०१०-११चे सगळे मूळ फोटो निघाले, मीच मला मेल करून ठेवलेले. त्यामुळे शंभरातल्या एकोणसाठ चौकटी भरता येतील, सहा वेबॅकवर मिळाल्या, बाकीच्या गेल्या. व्हॉट्सॲपमधून साडेतीन जीबी काढलं, लाल पट्टी गेली.

मुलाबरोबर मागच्या रविवारी बसले. शाळेच्या पाटीचा नि अंघोळीचे फोटो अर्ध्या कटिंगचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री काढले होते. त्याचे ४४ लेख निघाले. २७ ड्राफ्टला टाक म्हणाला, १७ राहू दे म्हणाला. राहू दे मधला एक त्याने स्वतः मोठ्याने वाचला, पणजीच्या मांडीवर बसून परातीतलं कच्चं पीठ खाल्लं होतं त्याने तो. त्याला ती आठवत नाही. तो म्हणाला आई हिचा आवाज आहे का आपल्याकडे कुठे. नाहीये. मामाकडे लग्नाची कॅसेट आहे १९९८ची, त्यात असेल, ती डिजिटल करून घ्यायला दिलीय.

उंबरठा, तुमच्या बाबांचं पुस्तक छापलंत तर मला एक प्रत हवी.

काना_मात्रा:

सगळं छान झालं पण ताई त्या घाऱ्यांचं प्रमाण? इथे टाका की, चौथी कॉपी होईल.

गोदाकाठ:

टाकते. दाखल क्रमांक ५८.

डांगर किसून दोन वाट्या, गूळ चिरून एक वाटी, दोन्ही मंद आचेवर, गूळ विरघळून कीस मऊ झाला की खाली उतरवायचं, पाणी अजिबात नाही. कोमट झालं की चिमूटभर मीठ, वेलदोडा, दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन. मग कणीक आणि तांदळाची पिठी, मावेल तेवढी. आजीच्या मुठीने कणीक चार मुठी भरली, ती माझ्या वाटीने पावणेदोन वाट्या, पिठी एक मूठ, म्हणजे अर्धी वाटी जरा कमी. तिची मूठ लहान होती. अर्धा तास झाकून ठेवून केळीच्या पानावर थापायच्या, वर खसखस, मध्यम आचेवर तळायच्या. घाई केली तर गूळ आधी काळा पडतो नि आत कच्चं राहतं.